'नंतर' नावाचा कप्पा

देवदत्त चौबळांना अंबरनाथमध्ये फार थोडे लोक देवदत्त म्हणून ओळखत. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत त्यांनी एकवीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळले, त्यातही जास्त करून मेलचा सर्व्हर, म्हणून सगळे त्यांना पोस्टमास्तर म्हणत. त्यांनाही ते आवडायचं. माणूस सज्जन, पण स्वतःच्या कामावर इतका खूश की ऐकणाऱ्याला वैताग यावा. आपला सर्व्हर दोनशे दिवसांत एकदाही बंद करावा लागला नाही, हे ते लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावरच्या अनोळखी माणसाला सांगत. त्यांच्या बायकोला, मीनलताईंना, हे इतकं पाठ झालं होतं की त्या मठ्ठा वाढून घेता घेता पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकत.

मेल म्हणजे काय, हेही ते न विचारता समजावत. मेल म्हणजे पाकीट. वरच्या ओळींत कुणी, कुणाला, कधी. ज्या ज्या यंत्रातून पाकीट जातं ते यंत्र आपला शिक्का वेळेसकट मारतं. नवा शिक्का नेहमी वर, त्यामुळे शिक्के खालून वर वाचायचे. आत एक कुंपणाची ओळ, मग एक भाग, पुन्हा कुंपण, मग दुसरा भाग. प्रत्येक भागाच्या डोक्यावर एक चिठ्ठी असते, की आत मजकूर आहे का फोटो आणि तो गुंडाळलाय कसा. चिठ्ठी वाचता आली तर भाग सोडवता येतो. हे सोडवायचे प्रोग्राम देवदत्तांनी स्वतः लिहिले होते आणि त्यातल्या एकावर त्यांचा पोटच्या पोराइतका जीव होता. तो म्हणजे बेलचा.

प्लँटमध्ये मोबाईल न्यायला बंदी होती. इंटरकॉमवर सांगितलेलं नंतर कुणी कबूल करत नसे. म्हणून कंपनीने नियमच केला होता, की धोका दिसला की प्लँटच्या कॉम्प्युटरवरून मेल लिहायचा. देवदत्तांचा प्रोग्राम तो मेल उघडे, मजकुराचा भाग काढे, त्यात लीक, प्रेशर, टेम्परेचर असे इंग्रजी शब्द दिसले की सेफ्टी ऑफिसातली बेल वाजवी आणि मेल पाच जणांना पाठवी. पाचवे स्वतः देवदत्त. ज्या मेलमधला मजकूर प्रोग्रामला वाचताच येत नसे, तो मेल तो फेकून देत नसे. 'नंतर' नावाच्या एका कप्प्यात ठेवी. सर्व्हर पुन्हा चालू झाला की त्या कप्प्यातला एकेक मेल घेऊन पुन्हा प्रयत्न करी. फेकायचं काही नाही, अशी त्यांना आईची शिकवण होती.

यज्ञेश सबनीस हा प्लँटमधला केमिस्ट आणि पाळीप्रमुख. दोघं एका वयाचे, एका स्कूटरवरून कंपनीत जाणारे. यज्ञेशने एकदा हट्ट धरला, की प्लँटच्या कॉम्प्युटरवर मराठी पाहिजे.

"माझ्या पाळीतली पोरं इंग्लिशमध्ये चार शब्द लिहायला दहा मिनिटं लावतात, देवा. माणूस घाबरला की आईच्या भाषेत ओरडतो. त्याला त्या वेळी स्पेलिंग काय विचारतोस?"

देवदत्तांना पटलं. २०१७च्या गणपतीच्या सुट्टीत त्यांनी मराठी कीबोर्ड बसवला, स्क्रीनवर 'नमस्कार' टाइप करून बघितलं, उमटलं, आणि दोघांनी गेटबाहेर जाऊन कटिंग घेतला. काम झालं.

त्या वर्षी तेवीस नोव्हेंबरला, दुपारी तीनच्या सुमारास, तीन नंबरची टाकी फुटली. यज्ञेश गेला. त्याच्या पाळीतला महेश गेला, बुवापाड्यातला, कौसाबाईंचा एकुलता एक मुलगा. चौकशी झाली. सेफ्टी ऑफिसातली बेल वाजली नव्हती आणि सर्व्हरवर यज्ञेशचा एकही मेल सापडला नाही. तसं देवदत्तांनीच लिहून दिलं. पाळीतून वाचलेल्यांचं तोंडी सांगणं चौकशीत धरलं गेलं नाही. अहवालात एका ओळीत निकाल लागला, की पाळीप्रमुखाने धोक्याची सूचना दिली नाही. कंपनी बंद पडली. बाराव्याच्या दिवशी कौसाबाई यज्ञेशच्या इमारतीखाली उभ्या राहून ओरडल्या, "तुझ्या नवऱ्यानं माझा पोर खाल्ला!" यज्ञेशच्या बायकोने, ऋतावहिनींनी, वर्षभर कसंबसं काढलं आणि मग अंबरनाथ सोडून त्या वांगणीला राहायला गेल्या.

याला आठ वर्षं झाली. आता त्या जागेवर टॉवर उभे राहायचे आहेत. पाडकाम सुरू होण्याआधी जुने मेल काढून, नीट सोडवून, वाचता येतील असे करून द्यायचे, हे काम एका वकिलाच्या ऑफिसने देवदत्तांना दिलं. सर्व्हरची आतली मांडणी दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. देवदत्त लगेच हो म्हणाले. रिटायर झालेल्या माणसाला कुणी बोलावलं की तो आधी निघतो आणि विचार वाटेत करतो.

सर्व्हरचा पॉवर सप्लाय मेलेला होता. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात कमलेशच्या दुकानात त्यांना तसाच एक जुना मिळाला. कमलेशने त्यावरची धूळ फुंकली आणि म्हणाला, "साईं, गरम होगा. बीच बीच में बंद पडेगा. फिर चालू करना. गॅरंटी मत माँगना."

फॅक्टरीत आता फक्त वॉचमन, चामटोलीचा आनंदा. त्याने गेट उघडलं, पण आत यायला तयार होईना.

"तुमी जावा सायब. मी हितंच बसतो. आत मी नाय जात."

"का रे?"

"काय नाय. बसल्या बसल्या वाटतं कोन तरी हाक मारतंय, आन आपुन ओ देत नाय."

देवदत्त हसले. भर सकाळची वेळ, ऊन लखलखीत. पण आत शिरल्यावर त्यांचं हसू जरा सैल पडलं. खुर्च्या लोक उठून गेले तशाच मागे सरकलेल्या होत्या. टेबलावर हात टेकला तर तळहात लाल झाला. आठ वर्षांचा रंग अजून हवेतून खाली बसत होता. त्यांनी सर्व्हरला नवा पॉवर सप्लाय जोडला आणि आपला लॅपटॉप एका तारेने सर्व्हरला जोडला. वॉचमनसाठी ठेवलेली वीज सोडली तर बाकी कुठलीही तार नव्हती. इंटरनेट नव्हतं, फोनची लाइन कधीच कापलेली. लॅपटॉपवर त्यांनी आपली जुनी मेलपेटी उघडली. मग सर्व्हर चालू केला.

पंखे घरघरले, दिवे लागले. आणि मेलपेटीत वरती एक नवीन मेल आला.

पाठवणारा: यज्ञेश सबनीस.

देवदत्तांचे हात जागच्या जागी थांबले. त्यांनी आधी दाराकडे बघितलं, मग लॅपटॉपच्या तारेकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. विषय कोरा. मेल उघडला, आत काहीच नव्हतं. पांढरं पान. त्यांनी खाली सरकवून बघितलं, पान संपेपर्यंत पांढरंच होतं.

जुना काही तरी अडकलेला असेल, असं ते मोठ्याने म्हणाले. रिकाम्या खोलीत माणूस मोठ्याने बोलायला लागला की समजावं, त्याला स्वतःचंच पटत नाहीये. तासाभराने सप्लाय तापून सर्व्हर बंद पडला. त्यांनी अर्धा तास थांबून पुन्हा चालू केला. पंखे घरघरले. यज्ञेशचा दुसरा मेल आला, तोही कोरा.

त्या दिवशी ते काम टाकून घरी आले. मीनलताईंनी विचारलं, "काय झालं? चेहरा असा का?" तर म्हणाले, धूळ फार आहे. बदलापूरच्या फ्लॅटमध्ये ते संध्याकाळभर टीव्हीसमोर बसले आणि एकही बातमी त्यांच्या डोक्यात शिरली नाही. जेवताना त्यांना यज्ञेश आठवला, कँटीनमधला, शेवटच्या आठवड्यातला. ताट हातात घेऊन उभ्या उभ्याच त्याने विचारलं होतं, "देवा, माझे मेल पोचतात ना रे?" आणि देवदत्तांनी भातावर वरण घेत सांगितलं होतं, "पोचतात की. यंत्र आहे ते, माणूस नाही विसरायला." हे त्यांना आठ वर्षांत कधी आठवलं नव्हतं. अर्धं ताट तसंच ठेवून ते उठले.

दुसऱ्या दिवशी तिसरा मेल आला. या वेळी त्यांनी शिक्के बघितले. खालून वर. सगळ्यात खालचा, प्लँटच्या कॉम्प्युटरचा: अठरा ऑक्टोबर २०१७. त्याच्या वरचा, सर्व्हरने मेल घेतला त्याचा, त्याच मिनिटाचा. आणि सगळ्यात वरचा आजचा, सकाळी दहा वाजून सात मिनिटांचा. खालच्या आणि वरच्या शिक्क्यांमध्ये आठ वर्षं. मेल कुठेही गेला नव्हता. तो याच खोलीत, याच डब्यात बसून होता.

देवदत्तांना दरदरून घाम फुटला. भुताने नव्हे. खरं सांगायचं तर भूत असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. भुताला लिंबू उतरवता येतं, शिवमंदिरात अभिषेक करता येतो, निदान मीनलताईंना सांगून दोघांनी मिळून घाबरता येतं. पण हे भूत नव्हतं. कमलेशचा सप्लाय बंद पडत होता, सर्व्हर पुन्हा चालू होत होता आणि कुठला तरी प्रोग्राम प्रत्येक वेळी आपल्या कप्प्यातला एकेक मेल उचलून पुन्हा प्रयत्न करत होता. प्रोग्राम कुणाचा, हे त्यांना विचारायची गरज नव्हती. मजकूर वाचता न आल्यामुळे तो नुसतं पाकीट पुढे सरकवत होता आणि मूळ मेल कप्प्यातच ठेवत होता.

त्यांनी कप्पा शोधला. स्क्रीनवर नाव आलं: नंतर. शेजारी आकडा, सात.

तो आकडा त्यांनी पूर्वी बघितला होता. इथे गोष्टीतली लपवाछपवी पुरे. चौकशीच्या दिवशी साहेब लोक याच खोलीत उभे होते. यादी वरून खाली सरकत होती आणि एकाने बोट ठेवून विचारलं होतं, "हे नंतर म्हणजे काय? सात आहेत यात." देवदत्तांनी कप्पा न उघडताच सांगितलं होतं, "कचरा, साहेब. जाहिराती वगैरे." खोटं बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं. आपला प्रोग्राम चुकत नाही हे त्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं, की उघडून बघायची गरजच वाटली नाही. पण क्षणभर, अगदी निमिषभर, त्यांना एक शंका चाटून गेली होती आणि त्यांनी ती दाबली होती. ती शंका आज आठ वर्षांनी पुन्हा जशीच्या तशी वर आली.

पहिला मेल त्यांनी कच्च्या स्वरूपात उघडला, कुठल्याही प्रोग्रामशिवाय. वरती शिक्के. मग कुंपण. मग चिठ्ठी, आत मजकूर आहे म्हणून. आणि खाली ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरांच्या आणि आकड्यांच्या, अर्थ नसलेल्या, चार के एस, चार के एस, चार के डब्ल्यू. अनोळखी माणसाला तो कचराच वाटला असता. पण ज्याने जन्मभर हेच काम केलं त्याला बघताक्षणी कळतं. मेलमध्ये मराठी गुंडाळली की प्रत्येक अक्षराच्या जागी अशी चार-चार चिन्हं येतात आणि ती अशीच सुरू होतात. ती मराठी होती, पानभर. बेलचा प्रोग्राम त्यांनी लिहिला तेव्हा कंपनीत कुणी मराठीत मेल लिहीत नव्हतं, म्हणून त्याला हे सोडवायला शिकवलं नव्हतं, मराठी शब्दही दिले नव्हते. पुढे कीबोर्ड बसवला, तो स्क्रीनवर तपासला. मेल करून बघितला नाही. एका हाताने लोकांना भाषा दिली आणि दुसऱ्या हाताने दार लावून घेतलं, आणि दोन्ही हात आपलेच आहेत हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

सोडवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. याच गोष्टीचा त्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला.

पहिला मेल यज्ञेशचा, दोन ऑक्टोबरचा: 'तीन नंबरला थंड पाणी कमी येतंय. बघून घ्या.' दुसरा नऊ ऑक्टोबरचा, तेच, जरा कडक शब्दांत. तिसऱ्यात पाण्याचा कॉक अडकतो म्हणून लिहिलेलं. चौथा, पाचवा नोव्हेंबरचे. पाचव्याच्या शेवटी एक ओळ होती: 'पाच मेल केले, एकालाही उत्तर नाही. देवा म्हणतो पोचतात. तो म्हणतो म्हणजे पोचतच असतील. मग तुम्ही वाचत नाही, असं समजू का?'

देवदत्तांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेर आनंदाचा रेडिओ अगदी बारीक आवाजात चालू होता. बराच वेळ ते तो आवाज ऐकत बसले, कारण तेवढीच एक गोष्ट त्या आवारात जिवंत वाटत होती.

सहावा तेवीस नोव्हेंबरचा, दुपारी दोन एकेचाळीसचा. त्यात दोन भाग होते. मजकूर: 'तीन नंबरचं पाणी बंद पडलं आहे. काटा लालमध्ये. बेल वाजवा, सगळ्यांना बाहेर काढा.' दुसरा भाग फोटो. प्लँटमध्ये मापांचे फोटो काढायला कंपनीचा कॅमेरा असे, त्याने काढलेला. तो सोडवला तशी वरून खाली एकेक पट्टी उमटत गेली. काळी चौकट, तबकडीची वरची बाजू, लाल भागात टेकलेला काटा. काचेवर उजेड पडला होता आणि त्या उजेडात फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब उतरलं होतं: हेल्मेट, कपाळ, दोन डोळे. डोळे थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आता देवदत्तांकडे बघत होते. नाकाच्या खाली फोटो संपला. तिथून पुढे नुसता करडा रंग. मेल पुरा पोचायच्या आत तिकडची लाइन हलली असावी. प्रोग्रामने जेवढं आलं तेवढं जपून ठेवलं होतं. तोंडच नव्हतं त्या चेहऱ्याला.

देवदत्त खुर्चीतून उठले. दोन पावलं दाराकडे गेले आणि परत आले. कारण अजून एक उरला होता, आणि तो न वाचता त्या खोलीतून जाणं शक्य नव्हतं.

सातवा, दोन चव्वेचाळीसचा. नावापुढे यज्ञेश सबनीसच, कारण कॉम्प्युटर त्याच्या नावाने उघडलेला. पण हात त्याचा नव्हता.

'सबनीस सायब पानी सोडाया आत गेलेत. बाकीची समदी बाहेर काडली त्यानी. मला बोलले तू पन जा. मी नाय जात सायबाना सोडून. बेल का वाजत नाय. बेल वाजवा. महेश.'

दुसऱ्या दिवशी सकाळी देवदत्त वांगणीला गेले. ऋतावहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं. केस पांढरे झाले होते त्यांचे. देवदत्तांनी सातही मेलचे छापलेले कागद त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि जे होतं ते सगळं सांगितलं, कीबोर्डपासून कचरा म्हणाल्यापर्यंत. वहिनींनी कागद वाचले. फोटोवर बराच वेळ हात ठेवून बसल्या.

"प्रत्येक वेळी घरी येऊन सांगायचा," त्या म्हणाल्या. "आज परत लिहिलं म्हणून. मी म्हटलं, अरे तोंडी सांग ना कुणाला. तर म्हणायचा, तिथे देवा आहे."

"वहिनी, मी..."

"माझी माफी नका मागू, भावोजी. मी देऊन टाकीन, आणि मग तुम्ही घरी जाल." त्यांनी कागद गोळा केले आणि पायांत चपला सरकवल्या. "चला. जिने त्याला आठ वर्षं शिव्या दिल्या, तिला वाचून दाखवा. तिला लिहिता-वाचता येत नाही."

बुवापाड्यात कौसाबाई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. ऋतावहिनींना बघताच त्यांचा हात थांबला. सूप खाली ठेवून त्या उठायला लागल्या, पुन्हा ओरडतील असंच वाटलं. देवदत्त घाईघाईने म्हणाले, "मावशी, महेशने लिहिलेलं आहे. शेवटचं. तेवढं ऐका."

कौसाबाई होत्या तशाच बसल्या. देवदत्तांनी सहावा मेल वाचला, मग सातवा. महेशने लिहिलं होतं तसंच, त्याच्याच शब्दांत. शेजारच्या दोघी-तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या. 'मी नाय जात सायबाना सोडून' हे वाक्य आलं तेव्हा कौसाबाईंनी पदर तोंडावर दाबला.

"पुन्यांदा वाचा," त्या म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा वाचलं. या वेळी कौसाबाई ऋतावहिनींकडे बघत होत्या. मग त्यांनी सूप बाजूला सारून ओट्यावर हाताने जागा पुसली आणि वहिनींना म्हणाल्या, "बस बाई." वहिनी बसल्या. दोघी शेजारी शेजारी, एकमेकींकडे न बघता. देवदत्तांना वाटलं, आता आपण निघावं. आपलं काम झालं. त्यांनी कागदांची घडी घातली.

"सायब," कौसाबाईंनी मान वर केली. "हिच्या नवऱ्यानं लिव्हलं. महेशनं बी लिव्हलं. माझा पोर सांगतोय बेल वाजवा म्हनून. मंग ती बेल का नाय वाजली?"

ऋतावहिनींनी देवदत्तांकडे बघितलंसुद्धा नाही. यंत्र, कीबोर्ड, चिठ्ठी, कुंपण, सगळं देवदत्तांच्या ओठांवर आलं. एकवीस वर्षं ते सगळ्यांना हेच तर समजावत आले होते. त्यातलं एक अक्षरही त्यांनी उच्चारलं नाही. ते कौसाबाईंसमोर जमिनीवर खाली बसले.

"माझ्यामुळे," ते म्हणाले. "माझ्यामुळे नाही वाजली."